आधी पाणी

पाणीबाईला किळस म्हणून काही ठाऊकच नव्हतं. बाळंतपणाच्या खोलीतून रक्तानं भरलेलं तसराळं बाहेर आणायचं, मोरीत ओतायचं, हात कोपरापर्यंत साबणानं खसाखसा धुवायचे आणि तिथंच स्टुलावर बसून जेवणाचा डबा उघडायचा, हा तिचा रोजचा नेम. नव्यानं आलेल्या नर्सना ते बघून मळमळायचं. त्यांनी तोंड फिरवलं की हिचा पट्टा सुरू. "काय गं, नाक कशाला मुरडतेस? तू काय आकाशातून टपकलीस? तूही ह्याच राड्यातून आलीस, आणि तुझ्या आईनं तुला पुसायच्या आधी तुझा मुका घेतला!" डॉक्टरसुद्धा तिच्या तोंडी लागायचे नाहीत.

मिशनच्या त्या हॉस्पिटलात ती एकतीस वर्षं सुईण होती. हॉस्पिटल काही फार मोठं नव्हतं. एक लांब व्हरांडा, त्याच्या ह्या टोकाला बायकांचा वॉर्ड, त्या टोकाला बाळंतपणाची खोली, समोर फरशीचं अंगण आणि अंगणापलीकडे छोटं चर्च. बाळंतपणाच्या खोलीत दोन लोखंडी खाटा, मधे पडदा, कोपऱ्यात सिंक, आणि भिंतीवर एक घड्याळ, जे कायम पाच मिनिटं पुढं असायचं. कुणी विचारलं तर ती म्हणायची, "असू दे, पोरांना वाटतं उशीर झाला, मग भराभर येतात." नवरा लवकर गेला होता. एकुलती एक लेक ह्याच वॉर्डात, धुतलेल्या चादरींच्या गठ्ठ्यांवर झोपून लहानाची मोठी झाली.

नुकतं जन्मलेलं बाळ तिला भारी आवडायचं. धुऊन-पुसून, गुंडाळून नातेवाइकांना दाखवायला काढलेलं नव्हे, त्याच्या आधीचं. केसांत रक्त, कानाच्या पाळीमागं शेवाळासारखं काहीतरी, आणि अंगभर लोण्यासारखा पांढरा थर. तो थर ती कुणाला घाईनं पुसू द्यायची नाही. "अगं, आईनं आतून चोपडून पाठवलाय तो, राहू दे थोडा वेळ," म्हणायची आणि अंगठ्यानं हळूच त्या पाठीवर जिरवायची. हजारो पोरं तिनं अशी हातात घेतली, आणि त्यातलं एकही तिला कधी घाण वाटलं नाही.

आणि हीच बाई दर रविवारी चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसून मान डोलवत ऐकायची, की माणसाचं पोर डागाळलेलंच जन्माला येतं. जगातल्या पहिल्या जोडप्याला देवानं एक फळ खाऊ नका म्हणून सांगितलं, त्यांनी ते खाल्लं, आणि त्यांचं ते पाप त्यांच्या पोरांना लागलं, मग नातवंडांना, मग पतवंडांना, असं लागत लागत आज सकाळी जन्मलेल्या पोरापर्यंत आलं. ह्याला म्हणतात मूळपाप. पोरानं काहीएक केलेलं नसतं, डोळेसुद्धा धड उघडलेले नसतात. पण बाप्तिस्म्याचं पाणी डोक्यावर पडत नाही तोवर ते पाप जात नाही, आणि त्याआधीच पोर गेलं तर त्याला देवाचं तोंड दिसत नाही. निदान तिथले फादर तरी असंच सांगायचे. देवाचं सोडा, माणसांचंही तसंच होतं. चर्चच्या दफनभूमीला कमरेएवढी भिंत होती. बाप्तिस्मा झालेली माणसं भिंतीच्या आत, त्यांना क्रूस, त्यांना फुलं. पाणी न मिळालेली पोरं भिंतीच्या बाहेर, गटाराच्या कडेला, वाढलेल्या गवतात. तिथं नाव नाही, खूण नाही, आणि बाया तिकडून जाताना नाकाला पदर लावायच्या.

तुम्ही म्हणाल, एका डोक्यात ह्या दोन गोष्टी मावायच्या कशा? मावायच्या की. माणसाच्या डोक्यात काय वाट्टेल ते मावतं, कुणी आत हात घालून बघत नाही तोवर.

पाणीबाई हे नाव तिला ह्यावरूनच पडलं होतं. पोराचं काही खरं दिसत नसेल आणि फादर जवळ नसतील, तर पाणी कुणीही घालू शकतं, सुईणसुद्धा. डोक्यावर तीनदा पाणी सोडायचं, ठरलेले शब्द म्हणायचे, झाला बाप्तिस्मा. ती कामाला लागली तेव्हा मोठ्या सिस्टरनी, म्हणजे हॉस्पिटल चालवणाऱ्या ननबाईंनी, तिला पहिल्याच दिवशी हे शिकवलं आणि एक वाक्य पाठ करून घेतलं: आधी पाणी, मग बाकी सगळं. तेव्हापासून तिच्या अ‍ॅप्रनच्या खिशात बुचाची एक बाटली असायची. दर रविवारी चर्चमधल्या दगडी कुंडातून ती भरून घ्यायची. नियमानं नळाचंही पाणी चालतं, हे तिला पक्कं माहीत होतं. पण कुंडातल्या पाण्यावर फादरनी प्रार्थना केलेली असते, म्हणून ती आपली तेच बाळगायची. निळं पडलेलं, मलूल पोर हातात आलं की डावा हात पोराखाली, उजवा हात खिशात. बूच दातानं उपटायचं. तीन धारा, दोन ओळी, आणि मग पोराच्या घशातला चिकटा काढायचा, तोंडात श्वास भरायचा, पाठ चोळायची. काही पोरं जगायची, काही जायची. गेलेल्यांच्या आयांना ती सांगायची, "रडू नकोस, पाणी मिळालंय त्याला, आत जाईल." आणि त्या आया तिचे हात धरून ढसाढसा रडायच्या. तिला त्यात समाधान होतं, चांगलंच समाधान होतं.

मग लेकीची वेळ आली.

लेकीचं लग्न एका सुताराशी झालं होतं. माणूस भला, बोलणं कमी, हाताला कायम फेविकॉलचे पापुद्रे. लेकीला दिवस गेले तसा त्यानं पाळणा करायला घेतला आणि सासूला रोज त्याची प्रगती सांगायला लागला. "आई, आज कठडा बसवला. आई, आज पॉलिश." पाणीबाई चिडवायची, "अहो जावईबापू, राजवाडा बांधताय का? पोर झोपायचंय त्यात, राज्य नाही करायचंय." पण मनातून इतकी खुश होती, की वॉर्डातल्या नर्सना तिनं ती पाळण्याची गोष्ट शंभरदा ऐकवली.

त्या दिवशी भर दुपारी दोन्ही खाटा भरलेल्या होत्या. पडद्यापलीकडे दुसरी एक बाई अडली होती आणि मोठ्या सिस्टर तिच्यात गुंतल्या होत्या. अलीकडे लेक. फार वेळ लागला होता, मग एक इंजेक्शन दिलं होतं, त्यानं ती अर्धवट गुंगीत होती. पोर आलं ते नाळ मानेभोवती घेऊन. पाणीबाईनं सराईतपणे ती सोडवली. मुलगा होता. रडला नाही. हातपाय लुळे, ओठ जांभळे. तिनं दोन बोटांत नाळ धरून पाहिली. ठोका होता. मंद होता, पण होता. अशी पोरं तिनं कितीतरी परत आणली होती.

तिचा उजवा हात खिशात गेला. बाटली रिकामी होती. सकाळीच एका सातव्या महिन्यातल्या पोराला शेवटचा थेंबसुद्धा घालून झाला होता.

आता बघा, सिंक चार पावलांवर होतं. दुसऱ्या कुणाचं पोर असतं तर तिनं नळ सोडला असता, ओंजळीत पाणी घेतलं असतं आणि पुढच्या कामाला लागली असती. असं तिनं आधी केलेलंही होतं. पण हा तिचा नातू होता. नळाचं पाणी? माझ्या नातवाला? तिच्या मनात आलेलं हे एवढंच, अक्षर न् अक्षर तिला पुढं आठवत राहिलं. तिनं पोर टॉवेलात गुंडाळून खाटेच्या पायथ्याशी ठेवलं आणि बाटली घेऊन धावत सुटली. व्हरांडा, तीन पायऱ्या, अंगण. चर्चचं दार फुगलं होतं, ते खांद्यानं ढकलावं लागलं. कुंडात बाटली बुडवली तर बुडबुडे निघत राहिले, भरता भरेना. मग परत अंगण, पायऱ्या, व्हरांडा.

आली तेव्हा नाळेत ठोका नव्हता.

तिनं तरीही तीन धारा सोडल्या, शब्द म्हटले. मग चिकटा काढला, श्वास भरला, पाठ चोळली, पुन्हा श्वास भरला. किती वेळ, कोण जाणे. मोठ्या सिस्टर पडद्यामागून आल्या, त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि विचारलं, "पाणी?" तिनं होकारार्थी मान हलवली. "देवाची कृपा," सिस्टर म्हणाल्या.

तासाभरानं फादर आले. दफनाच्या वहीत नोंद करायची होती. फादर तरुणच होते, स्वच्छ, नेटके. रक्ताचा वास त्यांना सहन व्हायचा नाही, म्हणून ते उंबऱ्याच्या आत येत नसत आणि नाकाशी घडी केलेला, अत्तर लावलेला रुमाल धरून बोलत. पोर तसराळ्याशेजारी टेबलावर होतं, पांढऱ्या कापडाखाली.

"पाणी घातलंत तेव्हा जीव होता?" त्यांनी विचारलं. "तेवढं नक्की सांगा, बाई. मेलेल्याला बाप्तिस्मा लागत नाही. मग आत जागा देता येणार नाही मला."

"होता," पाणीबाई म्हणाली.

त्यांनी लिहून घेतलं. आणि मग तिच्या तोंडून निघून गेलं, "फादर, मी पाणी आणायला गेले तेव्हा नाळेत ठोका होता. मी गेले नसते, आधी श्वास दिला असता, तर पोर जगलं असतं."

फादरनी रुमाल जरा बाजूला घेतला. आवाज मऊ केला. "असं मनात आणू नका. शरीर काय, आज ना उद्या जाणारच. तुम्ही आधी आत्मा पाहिलात, आणि तेच बरोबर. डाग घेऊन गेलं असतं बिचारं. फार मोठं काम केलंत तुम्ही."

"डाग," ती म्हणाली.

"हो. मूळपापाचा."

तिनं कापड वर केलं. तिचा नातू तिथं पडला होता. मुठी मिटलेल्या, पापण्यांवर तो पांढरा थर अजून तसाच, लोण्यासारखा. कुठंही काही नव्हतं. "दाखवा," ती म्हणाली. "कुठं आहे, दाखवा मला. मी पोरं धुते, फादर. एकतीस वर्षं धुतेय." फादरनी रुमाल पुन्हा नाकाला लावला आणि मान दुसरीकडे वळवली. त्यांनी पोराकडे एकदाही पाहिलं नव्हतं.

त्या रुमालाच्या वासानं तिला उमळून आलं. ती कशीबशी मोरीपर्यंत पोचली आणि भडाभडा ओकली. एकतीस वर्षांत पहिल्यांदा. नर्स बघतच राहिल्या.

जावयानं पाळणा मोडून त्याच्याच फळ्यांची छोटी पेटी केली. ती भिंतीच्या आत पुरली गेली, खोट्या एका शब्दावर.

त्यानंतर जी किळस तिला चिकटली, ती जाईना. आणि गंमत बघा, रक्ताची नाही, पुवाची नाही, मोरीची नाही. ते सगळं तिला पूर्वीसारखंच चालायचं. किळस यायची ती भलत्याच गोष्टींची. चर्चमधल्या कुंडाची यायची. आयुष्यभर जे पाणी तिनं जपून भरलं, ते आता ती वाकून बघायची तर कडेला हिरवट बुळबुळीत थर, पाण्यात डासांच्या अळ्या, आणि शेकडो लोकांनी त्यात बुडवलेली बोटं. फादर व्यासपीठावरून "आपण सारे पापात जन्मलो" म्हणाले, की बाकावरच्या बायका कशा तृप्त चेहऱ्यानं माना डोलावतात, त्याची किळस यायची. मांडीवर झोपलेलं आपलं गुबगुबीत पोर थोपटत थोपटत माना डोलावतात! थू. एकीलाही वाटू नये, की अहो, काय बोलताय काय माझ्या पोराला? आणि मग आठवायचं, की पहिल्या बाकावर बसून सगळ्यात जोरात मान डोलावणारी ती स्वतःच होती.

सगळ्यात जास्त किळस आपल्या हातांची. रात्रंदिवस ते आपले सोबतच, काढून ठेवता येत नाहीत. जेवताना ती आता चमच्यानं जेवायला लागली. आधीची पोरं आठवायची. प्रत्येकाच्या वेळी बुचाला लागलेले ते क्षण, तीन धारांचे, दोन ओळींचे. त्या वेळात किती जणांचा ठोका थांबला असेल? ती मोजायला बसली आणि मोजता येईना, म्हणून सोडून दिलं. कसली पाणीबाई! नव्या नर्सनी लाडानं त्या नावानं हाक मारली, की ती अशी काही खेकसायची, की त्यांनी हळूहळू हाक मारणंच सोडलं.

लेकीला तिनं काही सांगितलं नाही. सांगणार कसं? लेक दर रविवारी भिंतीच्या आत जायची, पेटी पुरली तिथली जागा झाडायची, फुलं ठेवायची. आणि परत येऊन आईचा हात हातात घ्यायची. "आई, तू होतीस म्हणून तो आत आहे गं. दुसरं कुणी असतं तर गटारापाशी असता." लेक तिचा हात गालाला लावायची, आणि हिला वाटायचं, ओढून घ्यावा, ओरडून सांगावं. पण लेकीकडे तेवढंच होतं. एक झाडलेली जागा आणि एक समाधान. ते काढून घ्यायचं तर बदल्यात द्यायचं काय?

तिनं फादरांकडे जाणं सोडलं. नोकरीत मात्र कुणाला कळणार नाही असा एक बदल केला. मलूल पोर आलं की आता ती खिशात हात घालायचीच नाही. आधी श्वास. कुणी विचारलं, "पाणी?" तर म्हणायची, "झालं." पोर गेलं तरी म्हणायची, "झालं." सरळ तोंडावर खोटं, दर वेळी, आणि त्याची तिला अजिबात लाज वाटली नाही. भिंतीच्या आत पुढच्या दीड वर्षात पाच पेट्या गेल्या, पाचही कोरड्या.

मग लेकीला पुन्हा दिवस गेले.

सातव्या महिन्यापासूनच लेकीचा धीर सुटला. मागच्यासारखंच झालं तर, एवढंच तिच्या डोक्यात. जावयानं ह्या खेपेला पाळणा करायला घेतलाच नाही, फळ्या भिंतीला टेकून उभ्या होत्या. एका संध्याकाळी लेक आईपुढं बसली. तिच्या हातात ती बुचाची बाटली होती, स्वतः चर्चमध्ये जाऊन भरून आणलेली.

"आई, शब्द दे. आधी पाणी. काहीही झालं तरी आधी पाणी."

"कशाला असलं अभद्र बोलतेस? व्यवस्थित होणार आहे सगळं."

"शब्द दे मला. तो आत असेल आणि हे बाहेर, असं झालं ना, तर मी जगायची नाही. दोघांना एकमेकांपासून तोडू नकोस."

पाणीबाईला वाटलं, आता सांगावं, आत्ताच. पण समोर आठव्या महिन्याचं पोट, आणि डोळे असे, की एक धक्का लागला तर सगळं ओघळून जाईल.

"दिला," ती म्हणाली.

लेकीनं बाटली तिच्या खिशात घातली आणि वरून हातानं दाबली.

कळा सुरू झाल्या त्या भल्या सकाळी. लेकीनं ह्या वेळी इंजेक्शन घेऊ दिलं नाही. "मला शुद्धीत राहायचंय," म्हणाली. शिवाय तिनं जावयाला पाठवून फादरांना बोलावून घेतलं होतं. ते दाराबाहेर खुर्चीवर बसले, नाकाशी रुमाल. मोठ्या सिस्टर त्या आठवड्यात परगावी गेल्या होत्या, नर्स वॉर्डाच्या कामात होत्या. खोलीत दोघीच, आई आणि लेक.

पोर दहाच्या सुमारास आलं. मुलगी. आणि आली ती मलूल, निळी, गप्प. नाळेत ठोका मंद, अगदी पहिल्यासारखाच. नशीब काय थट्टा करतं बघा माणसाची, तीच खोली, तीच खाट, तोच ठोका.

"रडत का नाही?" लेक कोपरावर उठायला बघत होती. "आई, रडत का नाही? आई, पाणी!"

पाणीबाईनं पोर खाटेच्या पायथ्याशी घेतलं. रबरी नळी शोधायला वेळ नव्हता. तिनं सरळ आपलं तोंड त्या इवल्याशा तोंडाला आणि नाकाला लावलं आणि ओढलं. तोंडभर चिकटा आला, कोमट, खारट, हिरवा. पचकन फरशीवर थुंकली. पुन्हा ओढलं, पुन्हा थुंकली.

"आई! पाणी घाल आधी! शब्द दिलास तू!"

दारातून फादर ओरडले, "बाई, पाणी! वेळ जातोय!"

"वेळच जातोय," ती पुटपुटली आणि गालात मावेल एवढाच श्वास घेऊन हळूच आत सोडला. छाती जराशी वर आली. आणखी एक. लेक आता किंचाळत होती, शिव्या देत होती, हातानं चाचपत आईच्या अ‍ॅप्रनपर्यंत पोचायला धडपडत होती. "मारून टाकतेस तिला! दे ती बाटली, मी घालते!" आणखी एक श्वास. दोन बोटं छातीवर, दाब, दाब, दाब. पुन्हा श्वास. फादर रुमाल विसरून उंबऱ्याच्या आत आले होते. चिकट्यात त्यांचा बूट पडला, ते झटकन मागं सरले.

मग पोरीनं एक उचकी दिली. नाक फेंदारलं. आणि असा टाहो फोडला, की वॉर्डातल्या बायका उठून बसल्या.

पाणीबाईनं रडणारं पोर तसंच, नाळेसकट, रक्तासकट, त्या पांढऱ्या थरासकट उचललं आणि लेकीच्या छातीवर ठेवलं. पोरगी लाल होत चालली होती.

"देवाचे उपकार," फादर म्हणाले. त्यांचा घाम निघाला होता. "आता तरी पाणी घाला, बाई. काही सांगता येत नाही."

पाणीबाईच्या तोंडात चिकट्याची चव होती. तिनं खिशातून बाटली काढली, बूच दातानं उपटलं, आणि तोंडभर पाणी घेऊन खळखळून चूळ भरली. गाल फुगवून चांगली दोनदा घोळवली. तसराळ्यात थुंकली. मग दुसरी चूळ. मग तिसरी. बाटली रिकामी झाली, ती तिनं टेबलावर आडवी ठेवली.

फादर पांढरेफटक पडले. मागच्या मागं व्हरांड्यात निघून गेले. त्यांचे बूट फरशीवर चिकट आवाज करत दूर गेले.

लेक रडत होती, हसत होती, पोरीच्या डोक्यावर ओठ घासत होती. मग ती थांबली. "शब्द दिला होतास," ती म्हणाली. "ही गेली असती तर? काय केलंस तू आई? मागच्या वेळी तर तू आधी पाणी घातलं होतंस."

पाणीबाईला गप्प राहता आलं असतं. पोर जगलं होतं, लेक आज ना उद्या विसरली असती, रविवारी फुलं घेऊन गेली असती, हात गालाला लावला असता. हातावरचा तो गाल पुन्हा आठवला आणि तिला शिसारी आली.

"हो," ती म्हणाली. "मागच्या वेळी आधी पाणीच आणायला गेले. नाळेत ठोका होता तेव्हा. हिच्याइतकाच होता. मी चर्चपर्यंत धावत गेले, कारण मला नळाचं पाणी चालेना माझ्या नातवाला. परत आले तोवर तो गेला होता. मेलेल्याच्या डोक्यावर पाणी ओतलं मी, आणि फादरना खोटं सांगितलं."

पोरगी रडत होती. लेक आईकडे बघत राहिली. आधी तिला कळलं नाही, मग कळलं. कळताना तिचा चेहरा कसा बदलत गेला, ते पाणीबाईनं सगळं पाहिलं.

"त्याच्यात डाग नव्हता गं," पाणीबाई म्हणाली. "मी बघितलंय त्याला. पाप म्हणशील तर हे, मी केलेलं. ते माझ्यापाशीच राहील. तुझ्याकडे नाही यायचं, हिच्याकडे तर नाहीच नाही."

लेकीनं पोरीला दोन्ही हातांनी झाकून घेतलं. तिची नजर आईच्या तोंडावरून खाली उतरली आणि हातांवर येऊन थांबली. तिनं ओठ घट्ट मिटले, नाकपुड्या आवळल्या. किळस. इतक्या वर्षांत ह्या खोलीत पाणीबाईनं ती हजार चेहऱ्यांवर पाहिली होती आणि प्रत्येकीला झापलं होतं. लेकीला काय म्हणणार?

"हात लावू नकोस तिला," लेक म्हणाली.

"नाही लावत."

पण वार, नाळेच्या आतल्या टोकाचा तो मांसाचा गोळा, अजून पडायची होती. वार आत राहिली आणि रक्त सुटलं तर बाळंतीण हातची जाते, हे लेकीलाही ठाऊक होतं, त्याच वॉर्डात वाढली होती ती. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. पाणीबाई सिंकपाशी गेली, नळ सोडला, हात कोपरापर्यंत साबणानं खसाखसा धुतले, पुसले, आणि खाटेपाशी येऊन उभी राहिली.

"पोटावर हात ठेवावा लागेल, बाळा," ती म्हणाली.

लेकीनं भिंतीकडे तोंड फिरवलं, डोळे मिटले. मग पोरीवरचा एक हात काढून तिनं पांघरूण बाजूला केलं.

पाणीबाईनं हात ठेवला. हाताखाली लेकीचं अंग शहारलं, आक्रसलं, पण तिनं तो हात झटकला नाही. वार पडेपर्यंत तिनं तो सोसला.